उभं मुसळ आणि लाल चंद्र

आमच्या सानगडीत मला थोडी वेडी समजतात, आणि लोकांचं फार चुकतं असंही नाही. साठीला टेकलेली, एकटी राहणारी, सरकारी नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेली बाई तिन्हीसांजेला कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर टाकून तलावाकडे निघाली, की कोणीतरी विचारणारच, "कुठी चालल्या, बाई?" मी सांगते, "चंद्र आणायले." ते हसतात, मीही हसते. वळण ओलांडलं की हसायला कोणी उरत नाही.

घरात समोरच्या भिंतीवर मी एकच फोटो लावला आहे. खग्रास चंद्रग्रहणाचा, काही वर्षांपूर्वीच्या माघ पौर्णिमेचा. राखेतून नुकता उकरून काढलेला निखारा असावा तसा चंद्र, आणि त्याच्या बाजूला दोन बारीक चांदण्या. आला-गेला म्हणतो, लय भारी. हा काढताना सोबत कोण होतं, हे मात्र कोणी विचारत नाही.

माझी आणि ग्रहणाची ओळख अंधाऱ्या खोलीत झाली. लग्नाला दोन वर्षं झाली होती, नोकरी नवी होती आणि माझी मुलगी पोटात होती. ग्रहण लागायच्या आधीच सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बसवलं आणि दार लोटून घेतलं. हलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, नखानं साधी काडीसुद्धा मोडायची नाही. बाहेर अंगणात त्यांनी पितळेच्या परातीत पाणी घालून त्यात मुसळ उभं केलं. आमच्याकडे हे घरोघरी करतात. ग्रहण आहे तोवर मुसळ उभं राहतं आणि ग्रहण सुटलं की आपोआप पडतं, असं म्हणतात. ते पडलं की पोटुशी बाई बाहेर येणार. मी नर्स होते, दिवसभर दवाखान्यात बायकांना शहाणपण शिकवत होते, आणि संध्याकाळी मांडी घालून त्या मुसळाच्या पडण्याची वाट बघत बसले होते. बाहेर सगळी आळी चंद्र बघत होती. नवराही. एकदा तो दाराशी येऊन हळूच म्हणाला, "लय मस्त दिसून राहिला." असा राग आला त्याचा, काय सांगू.

त्या खोलीत मी मनाशी एक ठरवून टाकलं. माझी पोरगी असं बसणार नाही.

आणि मग तीस वर्षं मी गावोगाव तेच सांगत फिरले. साकोली तालुक्यातल्या किती पोटुशा बायकांना मी ग्रहणात बाहेर काढलं असेल, देवाला माहीत. "खा, पाणी प्या, हिंडा. ती पृथ्वीची सावली आहे, दुसरं काही नाही." एकदा तर मी बायकांच्या बैठकीत भर दुपारी, कुठलं ग्रहण नाही की काही नाही, परातीत मुसळ उभं करून दाखवलं. त्याचं खालचं टोक सपाट असतं, ते कधीही उभं राहतं. मला वाटलं आता पटेल. एक म्हातारी कौतुकानं म्हणाली, "बाई, तुमचा हात चांगला हाय." आता बोला.

मुलगी झाली, ती कडेवर असतानाच मी तिला पहिलं ग्रहण दाखवलं. पुढे सगळी ग्रहणं आम्ही दोघींनी पाहिली. ती कॉलेजात असताना साकोलीतल्या एका लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून जुना कॅमेरा घेतला, लांबची लेन्स घेतली. मला बटणं कळायची नाहीत, ती शिकवायची. "आई, हात लावू नको, टायमर लाव. तुझा हात थरथरते." तिचे बाबा गेले त्या वर्षीसुद्धा आम्ही दोघी गच्चीवर गेलो होतो, कारण घरात बसून काय करणार होतो? त्या रात्री ढगच होते. चंद्राचा पत्ता नव्हता, तरी आम्ही चटईवर बसून राहिलो. ती म्हणाली, "पुढचं खग्रास आपण दोघी सोबतच पाहू. कुठीही असलो तरी." मी म्हटलं, बरं.

मग तिचं लग्न झालं, ती नागपूरला गेली. माणसं चांगली मिळाली. दीड वर्षानं तिला दिवस राहिले आणि पाचव्या महिन्यात सगळं संपलं. दवाखान्यात मी तिच्या उशाशीच होते. डॉक्टरीणबाईंना मी नर्सच्या भाषेत खोदून खोदून विचारलं. त्या म्हणाल्या, "कारण सापडलं नाही. असं होतं कधीकधी." मी जन्मभर बायकांना कारणं सांगितली होती. रक्त कमी आहे, गोळ्या घेतल्या नाहीत, जड उचललं. माझ्या पोरीसाठी माझ्याकडे एकही कारण नव्हतं. घरी आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून झोपायची, आणि मी स्वयंपाकघरात उगाच भांडी घासत बसायची.

फोटोतल्या त्या माघ पौर्णिमेला ती पुन्हा पोटुशी होती, सातवा महिना लागला होता.

आठवडाभर आधीपासून आमचं फोनवर चालू होतं. तिच्या सासूबाईंनी भांडण केलं नव्हतं, आवाजही चढवला नव्हता. एवढंच म्हणाल्या होत्या, "त्या दिवशी आतच बस, बेटा. मले बरं वाटन." मला उलट ते भांडणापेक्षा जड गेलं. भांडणाला उत्तर देता येतं. मी मुलीला म्हटलं, "तू तुझं पाहा. पण मले विचारशील तर ये बाहेर. मी इथून पाहते, तू तिथून पाहा." ती म्हणाली, "पाहू." तिचं ते 'पाहू' मी आठ दिवस उलटून पालटून बघत होते. फोटो चांगला यावा हे होतंच, पण मला खरं एकच हवं होतं. तिनं बाहेर यावं. ती आली असती, तर त्या खोलीतलं माझं बसणं फिटलं असतं.

ग्रहणाच्या दिवशी दुपारी चारलाच मी सामान बांधलं. तलाव गावाच्या उगवतीला आहे. त्याची पार, म्हणजे मातीचा रुंद बांध, तिथे उभं राहिलं की समोर नुसतं पाणी आणि पलीकडे शेतं. कापलेल्या धानाच्या खाचरांत लाखोरीच्या डाळीचं पीक निळं फुललं होतं. चंद्र उगवतानाच ग्रहण लागलेलं असणार होतं आणि थोड्याच वेळात तो पूर्ण सावलीत जाणार होता.

शेजारच्या घरची सून माझ्यासोबत आली. तिलाही सहावा चालू होता. लाखनीकडची पोरगी, अंगानं किरकोळ, स्वभावानं भित्री. तिची सासू जुन्या वळणाची, पण माझ्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती. तिच्या घरातली दोन्ही बाळंतपणं माझ्याच हातची. मी सकाळी अंगणात उभी राहून सांगितलं होतं, "हिला मी नेते. काही होत नाही." सासू म्हणाली, "तुम्ही म्हणता तं न्या." मी पोरीला उकडलेल्या वालाच्या शेंगा बांधून घ्यायला लावल्या. ग्रहणात खायच्या म्हणून, मुद्दाम.

चंद्र उगवायची वेळ झाली आणि चंद्रच दिसेना. उगवतीला धुरकट होतं. कुठेतरी धानाचं तणीस पेटवलं असावं, त्यात थंडीचं धुकं. मागे दिवस बुडालेला, पुढे सगळं राखाडी. मी डोळे फाडून बघत होते. अर्धवट खाल्लेला चंद्र उगवतानाच टिपायचा, त्याच्या उजळ कडेवर लेन्सचा फोकस नीट लावून घ्यायचा, असा माझा बेत होता. एकदा चंद्र लाल झाला की तो इतका मंद होतो की कॅमेऱ्याला धड दिसत नाही. तो बेत तर गेलाच.

फोन वाजला. मुलगी. "आई, दिसला काय?"

"नाही ना वं. धुक्यातच हाय कुठीतरी. तुले?"

"मी खोलीत हावो. खिडकीतून नुसत्या बिल्डिंगा दिसते." मग म्हणाली, "सासूबाई बाजूच्याच खोलीत हायेत."

"बरं," मी म्हटलं. फोन ठेवला. मनात म्हटलं, नाही येत आता ही. शेजारची पोरगी शेंगा सोलत होती. तिनं मूठभर दाणे माझ्या हातावर ठेवले. आम्ही दोघी खात बसलो.

अंधार पडत गेला. गावाकडून देवळातली घंटा ऐकू यायला लागली. मी चिडले होते, धुक्यावर, त्या तणीस पेटवणाऱ्यावर, आणि खरं सांगायचं तर नागपूरच्या त्या बंद खोलीवर. तेवढ्यात पोरगी उठून उभी राहिली. "बाई, ते काय हाय?"

पलीकडच्या मोहाच्या झाडावर वीतभर उंचीला एक डाग होता. आधी कळलंच नाही, इतका तो मळकट होता. मग डोळे सरावले. पूर्ण गोल, पूर्ण लाल. मी त्याला खाली शोधत होते आणि तो केव्हाचा वर येऊन बसला होता.

मग माझी धांदल उडाली. फोकस लावायला उजळ काही हवं होतं. तलावापलीकडे मोबाइल टॉवरचा लाल दिवा लुकलुकत होता, तोच पडद्यावर मोठा करून त्याच्यावर फोकस लावून घेतला. फोकस सरकू नये म्हणून लेन्सच्या कड्याला चिकटपट्टी मारली, तिपाईला विटांची पिशवी टांगली, म्हणजे वाऱ्यानं हलायला नको. टायमर लावला. पहिला फोटो काळाकुट्ट. दुसरा लाल, पण फिस्कटलेला. काचेवर दव धरलं होतं, ते पदरानं टिपलं. तिसऱ्याला चंद्र आला. कॅमेऱ्याच्या छोट्याशा पडद्यावर गोल, लाल, खालची कड जराशी पिवळट. पोरगी माझ्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाली, "अय माय, असा दिसते?" तिचा हात माझ्या पाठीवर होता. ती घाबरलेली नव्हती. मला इतकं बरं वाटलं, की काही वेळ मी फोटोच काढला नाही.

आणि फोन वाजला.

"आई, मी आली."

"कुठी?"

"गच्चीवर. सासूबाई पूजेले बसल्या. मी चप्पल हातात घेऊन आली." ती हळू बोलत होती आणि हसत होती. लहानपणी चोरून गूळ खाताना हसायची तशी. "दिसून राहिला आई. टाकीच्या वर. लाल हाय एकदम."

हेच तर हवं होतं मला, आठ दिवस, तीस वर्षं. मी शेजारच्या पोरीकडे बघून हसले. तिलाही कळलं, तीही हसली. मी फोनचा आवाज मोठा केला, म्हणजे तिलाही ऐकू यावं.

"तुझ्यासंगच पाहून राहिली मी," मुलगी म्हणाली. आणि मग, "आई, पोटात फिरून राहिलं. आत्ता लात मारली. जोरात मारली वं."

मी वर बघितलं. तो तसाच होता. लाल, मंद, कोणाशी काही देणंघेणं नसल्यासारखा. आणि मला दवाखान्यातली ती खोली दिसली, भिंतीकडे वळलेली तिची पाठ दिसली. कारण सापडलं नाही, कारण सापडलं नाही. कारण सापडलं नाही म्हणजे ते काहीही असू शकतं. मी काय विचार केला हे आज नीट सांगता येत नाही, कारण मी विचार केलाच नाही.

"आत जा," मी म्हटलं.

"काय?"

"आत जा. खोलीत जाऊन बस."

"काहून?"

"थंडी हाय."

"स्वेटर घातला मी." "आई, काहून? खरं सांग."

"जा म्हटलं ना मी. आत्ता जा. पाहू नको वर."

मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, रागानं नाही, अगदी साध्या आवाजात, "तू म्हटलं म्हणून तं मी आली वं, आई." आणि फोन बंद झाला.

मी फोन कमरेला खोचला आणि वळले. शेजारची पोरगी माझ्याकडे बघत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. हातातली शेंग तिनं खाली ठेवली, मग उरलेल्या शेंगाही ओटीतून काढून दगडावर ठेवल्या. पदर सोडवून तिनं पोटावरून नीट ओढून घेतला आणि मान खाली घातली. वर बघितलंच नाही तिनं पुन्हा.

"बाई, मी जातो घरी."

"अगं, तुले नाही म्हटलं मी. तिचं वेगळं हाय. तिचं आधी एक..." मी बोलत होते, आणि मलाच कळत होतं की याचा काही उपयोग नाही.

"नाही, सासूबाई वाट पाहत असन." ती पारीवरून खाली उतरली, भरभर, आणि पाठमोरी अंधारात गेली. मी हाक मारू शकत होते. पण हाक मारून सांगणार काय होते?

भिंतीवरचा फोटो त्यानंतरचा आहे. टायमर लावला की हाताला कोणी विचारत नाही. धुकं खाली बसलं होतं, चंद्र वर आला होता. इतका स्वच्छ फोटो मला आधी कधी जमला नव्हता आणि नंतरही नाही. मी तो काढला, बघितला, आणि दाखवायला मागे वळले. मागे दगडावर शेंगा होत्या.

मोबाइलनं त्या पडद्याचा फोटो काढून मी मुलीला पाठवला. नुसताच पाठवला. तिच्यापर्यंत तो पोचल्याचं दिसलं, पण तिनं उघडून पाहिल्याची निळी खूण काही झाली नाही.

एका बाजूनं चंद्राला पांढरी कड फुटली तसं मी सामान आवरलं. एवढी थंडी वाजत होती, की चिकटपट्टी बोटांनी निघेना. घरी जायची वाट शेजारच्या अंगणावरूनच जाते. दुसरी वाट असती तर मी तिकडून गेले असते.

अंगणात परात होती, परातीत पाणी आणि पाण्यात मुसळ उभं. घराचं दार लोटलेलं होतं. सासू परातीशेजारी पाटावर घोंगडी पांघरून बसली होती. मी मान खाली घालून पुढे जात होते, तेवढ्यात तिनं हाक मारली. "बाई, बसा ना."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तीस वर्षं मी या बाईला तिच्याच अंगणात शहाणपण शिकवलं होतं. मी तिपाई टेकवून उभी राहिले.

"सुनेनं सांगतलं," ती म्हणाली. "तुमची पोरगी गेली ना आत?"

"गेली."

"बरं केलं." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर मी उलट बोलले असते. तिनं अंगाखालचा पाट माझ्याकडे सरकवला आणि स्वतः जमिनीवर बसली. "आपल्या पोटचं असलं का कळते, बाई. मले वाटे, तुम्हाले कसं भेव नाही लागत? आज बरं वाटलं मले."

मी पाटावर बसले. एवढ्या वर्षांत त्या बाईनं मला खुर्ची दिली होती, चहा दिला होता, भीतही होती ती मला. आपल्यातली समजून तिनं त्या दिवशी पहिल्यांदा जवळ बसवलं. तिनं अर्धी घोंगडी माझ्या पायांवर टाकली. आम्ही दोघी मुसळाकडे बघत बसलो. आयुष्यात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं, नवरा गेला त्या रात्रीसुद्धा नाही.

चंद्र हळूहळू मोकळा झाला. मुसळ काही पडेना. ते कसं पडणार, खालून सपाट होतं ते. म्हातारीनं एकदा वर बघितलं, खात्री करून घेतली, आणि सरळ हातानं मुसळ आडवं केलं. मग दाराकडे तोंड करून म्हणाली, "सुटलं वं. ये बाहेर."

पोरगी बाहेर आली. आधी चंद्राकडे बघितलं तिनं. पांढरा, रोजचाच. मग माझ्याकडे. मला वाटलं, ती आता तोंड फिरवेल. पण ती जवळ आली आणि म्हणाली, "बाई, लाल होता तो दाखवा ना. मले धड पाहता नाही आला."

माझ्या जिवात जीव आला. मी पिशवीतून कॅमेरा काढला, पडद्यावर तो चांगला फोटो आणला आणि तिच्यापुढे धरला. ग्रहण सुटलं होतं. चंद्र आकाशात लख्ख होता आणि हा नुसता फोटो होता.

पडद्याचा लाल उजेड अंगावर पडला, तसा तिनं पोटावरचा पदर दोन्ही हातांनी ओढून नीट झाकून घेतला, आणि मगच बघितलं.

मी कॅमेरा तसाच धरून राहिले. तिला म्हणायचं ते पृथ्वीच्या सावलीचं वाक्य मला तोंडपाठ होतं, तीस वर्षांचं. ते माझ्या तोंडून निघालं नाही.